शिसं, कथील आणि सरकार

पळस्पे फाट्यावर एसटीतून उतरलात की आधी कानात हॉर्न शिरतो. एक रस्ता पुण्याला, एक गोव्याला, आणि मधे पिशवी छातीशी धरून तुम्ही. आता डोळे मिटा. ट्रेलरची घरघर विरत जाते, डिझेलचा वास जाऊन गाळाचा आणि सुक्या बोंबलांचा वास येतो. डोळे उघडता तेव्हा तुम्ही पनवेल बंदरावर असता आणि साल असतं १८५२.

मुंबईहून निघालेला मचवा ओहोटीमुळे खाडीच्या तोंडाशी खोळंबला होता, भरती लागली तसा आता धक्क्याकडे सरकतोय. गावाला यंदाच नगरपालिका मिळालीय. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावायला अजून काही महिने आहेत, त्यामुळे पुण्याकडे निघालेला साहेब इथे उतरायचा आणि बोरघाटाची वाट धरायचा, हा शिरस्ता. तुमचा साहेब पुण्याच्याही पुढे निघालाय. तीन महिन्यांची रजा टाकून त्याला चांद्याच्या जंगलात रानरेडा मारायचाय. पनवेलच्या आसपास बिबट्या मिळेल, डुक्कर मिळेल, पण रानम्हैस हवी तर पार पूर्वेला जायला हवं. तुम्ही त्याच्या बंदुकांच्या पेटीचे राखणदार.

बंगल्याच्या ओसरीवर पेटी उघडते. दोन हत्यारं, दोन्ही ठासणीची. एक दुनळी बारा बोअरची, दुसरी आठ बोअरची एकनळी, आत आटे पाडलेली, उचलताना खांदा बोलतो. बोअरचा हिशेब उलटा असतो, तो एकदा समजून घ्या. एक पौंड शिशातून त्या नळीत बसतील अशा बरोबर बारा गोल गोळ्या झाल्या तर ती बारा बोअर, आठच झाल्या तर आठ बोअर. आकडा उतरला की गोळी चढली. बाराची गोळी भरते सव्वातीन तोळे, आठाची जवळजवळ पाच तोळे. एवढं सोनं घरात असतं तर तुम्ही पेट्या वाहत नसता.

हजार किलोचं जनावर, चिखलाने लिंपलेली जाड कातडी, त्याखाली खांद्याचं हाड. नुसत्या शिशाची गोळी त्या हाडावर आपटली की चपटी होते, हृदयापर्यंत पोचत नाही. जखमी रेडा मग गवतात शिरतो आणि तुमचीच वाट बघत उभा राहतो. म्हणून शिशात कथील घालायचं. साहेब तुम्हाला बाजारात पिटाळतो.

बाजारात कथील कोणाकडे? अर्थात कल्हईवाल्याकडे. भाता हलवत, नवसागराच्या धुरात डोळे चोळत तो बसलाय. तुम्ही पाव शेर मागता तसा तो वर बघतो.

"एवढं? कोणाचं लग्न आहे का, दादा?"

"गोळ्या ओतायच्यात."

"मग गोळीला पण कल्हई म्हणा की!"

हसतो, पण कांडी तोलून देताना तराजूवरची नजर काढत नाही.

परसात चूल पेटते. लोखंडी पळीत दहा भाग शिसं, एक भाग कथील. शिसं आधी मळकट, सुरकुतलेलं, मग एकदम पाऱ्यासारखं ढिलं होतं. वर राखाडी साय धरते. मेणबत्तीचा तुकडा टाकला की भपकन जाळ होतो आणि मळ काठाला जातो. साचा चुलीपाशी आधीच तापवून ठेवलेला बरा, थंड साच्यातली गोळी सुरकुत्या घेऊन बाहेर येते. तुमच्या पहिल्या चार तशाच येतात, त्या परत पळीत जातात. पाचवी नीट उतरते. साचा उघडून शेंडी कापता आणि गोळी फरशीवर टाकता. नुसतं शिसं थप्प करून बसतं, ही टणकन वाजून दोन उड्या घेते. नखाने ओरखडा काढून पाहता, नख घसरतं.

साहेब खूश, पण लगेच दुसरी अडचण. कडक गोळी आट्यांत नीट रुतत नाही. ती चरबी लावलेल्या चिंधीत गुंडाळायची आणि गज मारून आत ठासायची. चरबी कसली हे तुम्ही विचारत नाही. पाच वर्षांनी मीरतच्या छावणीत तो प्रश्न फार मोठ्याने विचारला जाणार आहे.

डोळे मिटा, उघडा. १८७९ चा मे, दहा-अकरा तारखेची रात्र, पुन्हा पळस्पे. कुत्री भुंकतायत, दारं फुटतायत. दौलतराव रामोशाची माणसं गावावर आलीत, चिखलीवरही गेलीत. त्यांचा म्होरक्या वासुदेव बळवंत फडके, इथून हाकेच्या अंतरावरच्या शिरढोणचा. लाख-दीड लाखाची लूट घेऊन टोळी घाटमाथ्याकडे निघेल, वाटेत मेजर डॅनियलच्या सैन्याशी गाठ पडून दौलतराव गोळीने मरेल. अंधारात कोणाच्या हातात काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. सरकारला मात्र तेच बघायचंय. आदल्याच वर्षी त्याने शस्त्रांचा कायदा केलाय: हिंदी माणसाला परवाना, गोऱ्याला सूट.

सरकारच्या गोऱ्या फौजेचं हत्यार आता मार्टिनी-हेन्री, नळीचं माप .४५०. हा आकडा लक्षात ठेवा. शिकारी साहेबांत याच सुमाराला एक्स्प्रेस रायफलींचं खूळ आहे. हलकी, पोकळ नाकाची, वेगवान गोळी वाघाला फार छान, रेड्याच्या खांद्यावर मात्र फुटून विखुरते. कल्हईवाल्याचं कथील त्यापेक्षा बरं होतं, असं माझं प्रामाणिक मत.

शेवटची उडी, १९०८. तुम्ही पनवेलच्या मामलेदार कचेरीत कारकून. दौऱ्यावरचा एक साहेब झाडाखाली रायफल पुसतोय आणि कोणीतरी ऐकावं म्हणून बोलतोय. दारूचा धूर गेला, बिनधुराचं कॉर्डाइट आलं. रिग्बीने १८९८ मध्ये काढलेली .४५० ची दुनळी म्हणजे रेड्याचा खात्रीचा उपाय: ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅमची गोळी, सेकंदाला साडेसहाशे मीटर. पाच तोळ्यांवरून अडीच-पावणेतीन तोळ्यांवर आलो, तरी हाडातून आरपार. एका नळीत मऊ नाकाची गोळी, बाजूने उभ्या जनावरासाठी. दुसरीत पूर्ण कवचाची, अंगावर येणाऱ्यासाठी.

मग याच्या मांडीवरची नवी रायफल .४७० का? कारण १९०७ मध्ये सरकारने हिंदुस्थानात .४५० बंदच केली. शिकाऱ्याची गोळी मार्टिनी-हेन्रीवाल्या बंडखोरांच्या हाती लागेल ही धास्ती. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी नळी केसभर रुंदावली आणि .४६५, .४७०, .४७५ बाजारात आणल्या. नव्या गोळीचं वजन ५०० ग्रेन. सव्वा ग्रॅमचा फरक, रेड्याला कळणारही नाही. परसातल्या चुलीपासून पन्नास-साठ वर्षं लोक रेड्याच्या हाडासाठी गोळीचं माप शोधत होते, शेवटी ते ठरवलं शिरढोणसारख्या गावांच्या भीतीने.

आणखी चौसष्ट वर्षांनी, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात, रानम्हैस पहिल्या अनुसूचीत जाईल आणि मापांचा वादच मिटेल. महाराष्ट्रात ती उरेल गडचिरोलीच्या कोपऱ्यात. तिच्यासाठी २०१३ साली कोलामार्काचं रान राखून ठेवलं जाईल. पण ते तुम्हाला आज कसं ठाऊक असणार? तुमच्यापुढे परवान्यांची जाडजूड नोंदवही आहे.

साहेबाची रायफल तीत चढत नाही, त्याला सूट आहे. तो सिगार विझवून घोड्यावर बसतो. मग दारातला शेतकरी पुढे येतो, खांद्यावर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली आजोबांची ठासणीची बंदूक, दस्त्याला तारेचे वेढे.

"कशासाठी?" तुम्ही टाक दौतीत बुडवून विचारता.

"डुकरं, भाऊसाहेब. भात ठेवत नाहीत."

"दारू किती?"

"पाव शेर."

"शिसं?"

तो थोडा विचार करतो. "थोडंच. आणि कथील चालेल का लिहिलेलं?"