मुदपाकखान्यातील साधना : ब्रदर लॉरेन्स आणि सतराव्या शतकातील पॅरिस

३ ऑगस्ट १६६६. पॅरिसमधील व्होजिरार रस्त्यावरच्या कार्मेलाईट मठात जोसेफ द बोफोर नावाचे एक सुविद्य धर्मगुरू पन्नाशी ओलांडलेल्या, पायाने अधू असलेल्या एका माणसाला भेटावयास गेले. तो माणूस मठाचा प्रमुख नव्हता, ईश्वरशास्त्राचा पंडित नव्हता, त्याला धर्मगुरूपदाची दीक्षाही मिळालेली नव्हती. आयुष्याची पंधरा वर्षे त्याने त्या मठाच्या मुदपाकखान्यात घालवली होती. बोफोर परतले आणि ऐकलेले सारे त्यांनी टिपून ठेवले. अशा चार भेटींच्या नोंदी उपलब्ध आहेत; शेवटची २५ नोव्हेंबर १६६७ ची. या नोंदी आणि त्या माणसाची सोळा पत्रे एवढ्यावर उभे असलेले एक चिमुकले पुस्तक आज 'द प्रॅक्टिस ऑफ द प्रेझेन्स ऑफ गॉड' या इंग्रजी नावाने जगभर वाचले जाते. त्या माणसाचे मठातील नाव पुनरुत्थानाचा लॉरेन्स. ख्रिस्ती साधना दैनंदिन जीवनात कशी करावी, हा विषय निघाला की त्याचे नाव हमखास घेतले जाते.

बहुतेकदा मात्र ते अर्धवट घेतले जाते. हसतमुख आचारी, हातात झारा, मनात देव असे एक गोड चित्र रूढ झाले आहे. वाचकहो, धागा थोडा लांब होईल, पण ते चित्र जरा बाजूला ठेवून हा माणूस त्या मुदपाकखान्यात मुळात कसा आला, हे पाहू. त्याची साधना कळण्यासाठी ते आवश्यक आहे.

त्याचे मूळ नाव निकोला हर्मन. जन्म लोरेन प्रांतात, ल्युनेव्हिलजवळच्या एरिमेनिल या खेड्यात, सुमारे १६१४ चा. घरची गरिबी, शिक्षण बेताचे, आणि भोवताली तीस वर्षांचे युद्ध. अशा मुलापुढे जो मार्ग असतो तोच त्याने धरला आणि तो शिपाई झाला. जर्मन सैनिकांनी त्याला हेर समजून पकडले व फासावर देण्याची धमकी दिली. त्यातून तो सुटला. पुढे रांबेरव्हिये येथे स्वीडिश सैन्याशी झालेल्या चकमकीत त्याचा पाय जखमी झाला आणि तो जन्माचा अधू झाला.

त्याच्या अंतर्जीवनाचा आरंभ मात्र याआधीचा, अठराव्या वर्षीचा. हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड त्याच्या दृष्टीस पडले. काही काळाने याच वाळल्या फांद्यांना पालवी फुटेल, मग फुले आणि फळे येतील, एवढाच विचार त्याच्या मनात आला आणि ईश्वराच्या सामर्थ्याची जी जाणीव त्या क्षणी झाली ती पुन्हा कधी मावळली नाही, असे त्याने बोफोरना सांगितले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या अनुभवानंतर त्याचे आयुष्य लगेच पालटले नाही. तो सैन्यात गेला, जखमी झाला, मग फिउबे नावाच्या एका सरकारी खजिनदाराकडे हुजऱ्या म्हणून राहिला. तेथेही आपण धांदरट होतो, हातात येईल ते फोडत होतो, अशी कबुली त्याने दिली आहे. १६४० मध्ये तो कार्मेलाईट मठात दाखल झाला तेव्हा या धांदरटपणाची तेथे चांगलीच शिक्षा होईल, अशी त्याची अपेक्षा होती. उलट तेथे समाधान लाभल्यामुळे देवाने आपल्याला फसवले, असे तो म्हणे.

आता मठातील व्यवस्था पाहू.

सहाव्या शतकात सेंट बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात मुदपाकखान्याची पाळी आठवड्या-आठवड्याने सर्व बंधूंकडे फिरत असे. पाळी घेणाऱ्यासाठी आणि सोडणाऱ्यासाठी प्रार्थना होत. मठाच्या कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्याने तेथील सारी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत, अशी आज्ञा त्याच नियमावलीत आहे. म्हणजे श्रम आणि स्तुती ही एकाच माणसाची दोन कामे होती.

पुढे ही घडी मोडली. अकराव्या-बाराव्या शतकांत मठांमध्ये दोन स्वतंत्र वर्ग रूढ झाले. एक लॅटिन जाणणाऱ्यांचा, जो दिवसाच्या ठरलेल्या प्रहरी एकत्र जमून स्तोत्रे गाई. दुसरा शेती, स्वयंपाक, शिवणकाम, डागडुजी करणाऱ्या बंधूंचा. त्यांनाही व्रते होती, झगाही होता, पण स्तोत्रगायनात स्थान नव्हते. प्रार्थनेतील त्यांचा वाटा मोजून दिलेला असे. कार्मेलाईटांच्या तेराव्या शतकातील नियमावलीत, ज्यांना स्तोत्रे म्हणता येत नाहीत त्यांनी रात्रीच्या जागरणाऐवजी पंचवीस वेळा, सांजप्रार्थनेऐवजी पंधरा वेळा आणि इतर प्रहरी सात-सात वेळा प्रभूची प्रार्थना म्हणावी, असा स्पष्ट हिशेब आहे. हा हिशेब तुच्छतेने ठरवला होता असे मला वाटत नाही. निरक्षरालाही दिवसाची लय मिळावी, हा त्यामागील हेतू असावा. परंतु त्यातून एक प्रतवारी मनात रुजली, हे नाकारता येणार नाही. खरी प्रार्थना गायनमंदिरात होते आणि मुदपाकखान्यातून तिला जेवण पुरवले जाते, ही ती प्रतवारी.

सोळाव्या शतकात आविलाच्या तेरेसा यांनी कार्मेलाईट संघाची सुधारणा केली. आज्ञापालन म्हणून स्वयंपाकघरात जावे लागले तर खिन्न होऊ नका, प्रभू भांड्याकुंड्यांतही वावरतो, असे त्यांनी आपल्या भगिनींना बजावले. लॉरेन्स ज्या मठात आला तो याच सुधारित, म्हणजे 'अनवाणी' शाखेचा. (नाव अनवाणी असले तरी पायांत साध्या वहाणा असत. त्याचा संदर्भ पुढे येईल.) तेरेसांचे वचन संघात होते; पण व्यवस्था वर्गांचीच राहिली. लॉरेन्स १६४२ मध्ये व्रतबद्ध झाला आणि त्याच्या वाट्याला मुदपाकखाना आला.

आणि ते काम त्याला मुळीच आवडत नव्हते. बोफोरच्या नोंदींत हे स्वच्छ शब्दांत आले आहे. त्याला स्वयंपाकाची स्वाभाविक नावड होती, तरीही पंधरा वर्षे त्याने ते केले. मद्यखरेदीचेही तसेच. मठासाठी वाइन आणावयास त्याला ओव्हेर्न्य आणि बर्गंडी प्रांतांत पाठवले गेले. व्यवहाराची जाण नाही, पाय अधू. नावेत पिंपांवरून अंग लोटत सरकल्याखेरीज हालता येत नसे. आपण ज्याला साधनेस अनुकूल वातावरण म्हणतो, त्याच्याशी या दृश्याचा काहीही संबंध नाही.

त्याने केले ते एवढेच. ठरलेल्या प्रार्थनांच्या वेळा आणि कामाच्या वेळा यांतील भिंत त्याने आपल्यापुरती काढून टाकली. आरंभी त्याने पुस्तकांतील पद्धती वाचल्या होत्या. ध्यानाच्या पायऱ्या, त्यांचे प्रकार, चिंतनाचे मुद्दे. त्यांनी आपला गोंधळच अधिक वाढला, असे तो लिहितो. मग त्याने एकच अभ्यास धरला : देव येथे, आत्ता, आपल्याजवळ आहे हे स्मरायचे, आणि काम करता करता त्याच्याशी साध्या शब्दांत बोलायचे. काम सुरू करताना साहाय्य मागायचे, संपल्यावर आभार मानायचे. चूक झाली तर कबूल करायची, आणि तिच्याभोवती घिरट्या न घालता पुन्हा कामाला लागायचे. कढईतला अंड्याचा पोळा उलटवणे हीदेखील त्याच्या लेखी अर्पण करण्यासारखी कृती होती. वरिष्ठांनी सांगितले म्हणून एकांतातल्या प्रार्थनेस तो जाई. पण मुदपाकखान्यातल्या गलबल्यापेक्षा तेथे देव अधिक जवळ असतो, असे त्याला वाटेनासे झाले होते.

वाचताना हे सोपे वाटते, आणि येथेच घोटाळा होतो. पहिली दहा वर्षे आपण फार सोसले, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. आपला उद्धार होणार नाही, आपण नरकातच जाणार, या खात्रीने त्याला चार वर्षे ग्रासले होते. मन भरकटे, तो ते परत आणी, ते पुन्हा भरकटे. ही यातना कोणत्याही युक्तीने संपली नाही. पुढे काहीही होवो, मरेपर्यंत देवावरील प्रेमापोटीच वागायचे, असे त्याने ठरवले आणि फळाची चौकशी सोडून दिली. तेव्हा कुठे मन निवले. बोफोरना भेटलेला प्रसन्न लॉरेन्स हा या दहा वर्षांपलीकडचा. आजच्या छोट्या, सुबक आवृत्त्यांच्या मलपृष्ठांवर ही दहा वर्षे सहसा आढळत नाहीत.

आणखी एक प्रश्न मला सुटत नाही, तो प्रामाणिकपणे मांडतो. लॉरेन्सने मुदपाकखान्याला गायनमंदिराच्या बरोबरीचे मानले; पण काहींनी गावे आणि काहींनी रांधावे, ही वाटणी कोणी व का केली, हे त्याने कधी विचारले नाही. मग त्याच्या साधनेने त्याला बळ दिले की व्यवस्थेला? बोफोरसारख्या धर्मगुरूंना हा समाधानी आचारी इतका का भावला, याचे एक उत्तर या प्रश्नात दडलेले असू शकते. तरीही लॉरेन्सला केवळ आज्ञाधारक नोकर समजणे मला पटत नाही. प्रार्थनेची ठरलेली वेळ आणि बाकीचा वेळ यांत भेद नाही, असे म्हणणारा माणूस त्या प्रतवारीच्या मुळाशीच हात घालत होता. ते धोक्याचे आहे, हे त्याच्या मृत्यूनंतर लवकरच दिसले.

पायाचे दुखणे वाढल्यावर त्याला मुदपाकखान्यातून काढून बैठ्या कामावर, बंधूंच्या वहाणा दुरुस्त करण्यावर नेमले गेले. तेथेही लोक भेटीस येत. त्याच्या आजारपणात भेटलेल्यांत फेनेलों हे विख्यात लेखक व पुढे कांब्रेचे आर्चबिशप झालेले धर्मगुरूही होते. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी लॉरेन्स वारला. बोफोरनी १६९२ मध्ये त्याची वचने व पत्रे, आणि १६९४ मध्ये संभाषणे प्रसिद्ध केली.

वेळ याहून वाईट असू शकली नसती. ईश्वरापुढे मनाने पूर्णपणे निष्क्रिय व्हावे, मग बाह्य विधी आणि प्रयत्न गौण ठरतात, अशा शिकवणीविरुद्ध कॅथलिक चर्चने मोहीम उघडली होती. १६८७ मध्ये रोममध्ये मिगेल द मोलिनोस यांची ६८ विधाने निषिद्ध ठरली. फ्रान्समध्ये प्रार्थनेची सोपी रीत शिकवणाऱ्या मादाम गीयों कैदेत गेल्या. त्यांची बाजू घेणाऱ्या फेनेलों यांच्या ग्रंथातील २३ विधानांचा १६९९ मध्ये पोपनी निषेध केला. या वादात फेनेलों यांनी लॉरेन्सचाही आधार घेतला होता. लॉरेन्सच्या शब्दांत निष्क्रियता औषधालाही नाही, तो तर दिवसभर राबत होता. पण वादाच्या धुरळ्यात एवढा फरक कोण पाहणार? त्याचे पुस्तक स्वतंत्रपणे दोषी ठरले नाही, तरी संशयाची सावली पडली आणि फ्रान्समध्ये ते मागे पडले.

ते वाचले ते प्रोटेस्टंटांमुळे. हॉलंडमध्ये स्थायिक झालेले फ्रेंच प्रोटेस्टंट पिएर प्वारे यांनी १६९९ मध्येच, गीयों यांच्या लेखनासोबत, लॉरेन्सचे लेखन छापले. अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी आपल्या पन्नास खंडांच्या 'ख्रिश्चन लायब्ररी'त त्यातील वेचे घेतले. हे अंमळ गमतीचे आहे. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये ज्यांचे धर्मस्वातंत्र्य हिरावून घेतले, त्या पंथाच्या लोकांनी पॅरिसच्या एका कॅथलिक मठातला आचारी जपून ठेवला. मठ, प्रहर आणि व्रते नाकारणाऱ्या या वाचकांना दुकानात, शेतात, चुलीपुढे करता येईल अशी साधना हवीच होती. लॉरेन्सला त्याच्या वर्गामुळे जे नाकारले गेले होते, ते त्यांनी तत्त्वानेच सोडले होते.

१९३० मध्ये फिलिपाइन्समधील मिंडानाओ बेटावर काम करणारे अमेरिकन मिशनरी फ्रँक लॉबाक यांनी असाच अभ्यास नव्याने आरंभला. पण तो विसाव्या शतकाच्या रीतीने. दर मिनिटाला एकदा तरी देवाचे स्मरण व्हावे, असा त्यांचा संकल्प होता आणि दिवसातला किती हिस्सा साधला याचा अंदाज ते टक्केवारीत मांडत. तेराव्या शतकातल्या पंचवीस आणि पंधराच्या हिशेबापासून मोकळा झालेला हा अभ्यास पुन्हा हिशेबाच्या वहीत आला, हे वाचताना मला हसू आवरले नाही.

व्होजिरार रस्त्यावरचा तो मठ फ्रेंच राज्यक्रांतीत तुरुंग झाला. २ सप्टेंबर १७९२ रोजी तेथे शंभरहून अधिक धर्मगुरूंची कत्तल झाली. चर्चची वास्तू आजही उभी आहे. परिसरात पॅरिसचे कॅथलिक विद्यापीठ आहे. लॉरेन्सच्या लेखनाची चिकित्सक फ्रेंच आवृत्ती निघाली ती १९९१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशे वर्षांनी, आणि ती सिद्ध केली त्याच्याच संघातील कोनराड द मेस्टर यांनी. त्याच्या पत्रांपैकी एकात त्याने एका भगिनीला आपली रीत समजावून सांगितली आहे, मोठ्या नाइलाजाने आणि एका अटीवर : हे पत्र तिने कोणालाही दाखवू नये.