मुले आणि दूरदर्शन : एक जुना प्रयोग

दूरदर्शनमुळे मुले बिघडतात की शहाणी होतात, हा वाद यवतमाळच्या शिक्षकांनाही नवा नाही. पण ज्या घरात संच आधी येतो, तिथे बहुधा पुस्तके आणि शिकलेले पालकही असतात. मग मुलांत दिसणारा फरक नेमका कशाचा?

हे तपासण्याची संधी ‘साइट’ प्रयोगाने दिली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम पोचले. शेजारची मध्य प्रदेश व आंध्र ही राज्ये त्यांत होती. महाराष्ट्र, म्हणून यवतमाळही, नव्हता. संच घराचा नव्हे, गावाचा होता. त्यामुळे घरच्या परिस्थितीचा घोळ कमी झाला, आणि संच नसलेल्या गावांतील मुलांशी तुलनाही करता आली.

काय आढळले? शालेय विषयांतील प्रगतीत विशेष फरक पडला नाही. भाषाविकासात आणि माहिती मिळवण्याच्या ओढीत मात्र फायदा दिसला. अर्थात हे कार्यक्रम खास मुलांसाठी केलेले, रोज सकाळी साडेबावीस मिनिटांचे, सर्वांनी मिळून पाहिलेले होते. एकट्याने तासन्‌तास पाहण्याबद्दल हा प्रयोग काहीच सांगत नाही.

पुढे १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. २०१७ मध्ये ती बंद पडली. आज पडदा मुलांच्या हातातच आला आहे. तेव्हा ‘किती वेळ पाहिले?’ याबरोबर ‘काय पाहिले, कोणाबरोबर पाहिले आणि नंतर त्यावर कोण बोलले?’ हेही आपण वर्गात विचारूया.