पक्षिप्रतीके, ज्यू गूढवादातील
ज्यू धर्मपरंपरेत, विशेषतः कबाला या गूढवादी विचारधारेत, आत्मा, ईश्वराचे जगातील सान्निध्य (शेखिना) व अंतिम मुक्ती यांच्या निदर्शनार्थ योजिलेली प्रतीके. पक्षी, त्याचे घरटे व त्याचे पंख ही यांतील प्रमुख होत.

या प्रतीकांचे मूळ हिब्रू बायबलमध्ये आहे. १२४ व्या स्तोत्रात संकटमुक्त जिवाला पारध्याच्या पाशातून निसटलेल्या पाखराची उपमा दिली आहे. तालमूदच्या सॅनहेड्रिन या प्रबंधात देहापासून विलग झालेला आत्मा आपण पक्ष्याप्रमाणे आकाशात विहरतो असे सांगून पापाचा दोष देहावर टाकतो. तथापि दोघांचा निवाडा एकत्रच होतो, असे तेथे प्रतिपादिले आहे. बेराखोत या प्रबंधात ज्यू समाजाची तुलना कबुतराशी केली असून पंख जसे कबुतराला तारतात, तशा धर्माज्ञा समाजाला तारतात, असे म्हटले आहे. जेरुसलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त झाले. तेथील भग्नावशेषांत कबुतरासारखा घुमणारा शोकाकुल दैवी स्वर रब्बी योसे यांनी ऐकल्याची कथाही याच प्रबंधात आहे.

पुढील विवेचनाचा केंद्रबिंदू ठरली ती अनुवादाच्या २२ व्या अध्यायातील आज्ञा. घरट्यातील अंडी वा पिले घेण्यापूर्वी मादीला उडवून लावावे, असे केल्यास दीर्घायुष्य लाभेल, असे ती सांगते. मायमोनिडीझने (मृ. १२०४) हिचा अर्थ प्राणिदयेच्या अंगाने लावला, मात्र ईश्वराची दया पक्ष्याच्या घरट्यापर्यंत पोहोचते असे प्रार्थनेत म्हणणाऱ्यास थांबवावे, असे मिश्नाचे वचन आहे. पित्याच्या सांगण्यावरून ही आज्ञा पाळणारा मुलगा झाडावरून पडून मेला व ते पाहून एलिशा बेन अबुया याची श्रद्धा ढळली, अशी एक कथा तालमूदमध्ये येते. वचन दिलेले आयुष्य इहलोकातील नसून परलोकातील आहे, हे रब्बी याकोब यांचे त्यावरील उत्तर होय. निष्पापाला दुःख का, हा प्रश्न अशा रीतीने या घरट्याशी निगडित झाला.

झोहार हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस कॅस्टीलमध्ये प्रकट झाला. परंपरा त्याचे कर्तृत्व दुसऱ्या शतकातील शिमोन बार योहाय यांच्याकडे देते, आधुनिक संशोधक तो मुख्यतः मोझेस दे लेऑन (मृ. १३०५) याचा मानतात. झोहार-साहित्यात घरट्यातून हुसकलेली पक्षीण ही निर्वासित शेखिनेचे प्रतीक ठरते. पक्षिणीचा आक्रोश ऐकून पक्ष्यांचा अधिपती देवदूत ईश्वराकडे दाद मागतो. तेव्हा, आपली लेकरे व शेखिना परागंदा असताना त्यांच्यासाठी कोणीच रदबदली करत नाही, असे ईश्वर खेदाने म्हणतो व त्याची करुणा जागृत होते. याच ग्रंथात, मसीहा आगमनापूर्वी स्वर्गोद्यानातील ज्या गुप्त दालनात प्रवेश करतो, त्यास ‘पक्ष्याचे घरटे’ असे नाव आहे.

स्पेनमधून १४९२ मध्ये ज्यूंची हकालपट्टी झाल्यावर निर्वासनाच्या या कल्पनेला प्रत्यक्ष अनुभवाची धार आली. सोळाव्या शतकात गॅलिलीतील सफेद हे कबालाचे मोठे केंद्र बनले. तेथील आयझाक लुरिया (१५३४–७२) यांच्या संप्रदायात आत्म्यांच्या पुनर्जन्माचा सिद्धांत विकसित झाला. त्यांना पक्ष्यांची भाषा अवगत होती, अशी आख्यायिका आहे.

हसिदी पंथाने हे प्रतीक व्यक्तीच्या साधनेकडे वळविले. श्नेऊर झालमन यांच्या तान्या (१७९६) या ग्रंथात प्रेम व भय हे पंख मानले असून त्यांच्याविना धर्मकर्म वर उडत नाही, असे म्हटले आहे. तथापि पंख छाटलेला पक्षीही धर्मदृष्ट्या शुद्धच असतो. तसे भावनाशून्य सत्कर्म निरर्थक ठरत नाही, केवळ ते ऊर्ध्वगामी होत नाही.

अन्यत्र पक्षी बहुधा देहबंधनातून सुटलेल्या एकाकी जिवाचे रूपक असतो. ज्यू गूढवादात मात्र घरट्याला पक्ष्याइतकेच महत्त्व आहे. तेथे मुक्ती म्हणजे केवळ उड्डाण नव्हे. परागंदा झालेल्या माता व पिले यांचे पुनर्मीलन, हा तिचा खरा आशय होय.