श्रद्धा, श्रद्धावान आणि कायदा : नॅशनल सेक्युलर सोसायटीची वाटचाल

१८६६ साली चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी इंग्लंडमधल्या गावोगावच्या विवेकवादी मंडळांना एकत्र आणून नॅशनल सेक्युलर सोसायटी उभी केली. त्या काळी ख्रिस्ती धर्माची निंदा हा तुरुंगात धाडणारा गुन्हा होता. ‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द रूढ करणाऱ्या जॉर्ज जेकब होलिओक यांना १८४२ मध्ये, भाषणानंतर श्रोत्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिल्याबद्दल, सहा महिने कैद भोगावी लागली होती. धर्माविषयी मोकळेपणाने बोलल्याबद्दल कुणालाही शिक्षा होऊ नये, ही संस्थेची पहिल्यापासूनची मागणी.

१८८० मध्ये ब्रॅडलॉ नॉर्दम्प्टनमधून खासदार झाले. पण ते नास्तिक असल्यामुळे शपथेचा वाद उभा राहिला आणि सभागृहाने त्यांना जागा नाकारली. मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले, तेव्हा कुठे १८८६ मध्ये ते स्थानापन्न झाले. दोनच वर्षांत त्यांनी धार्मिक शपथेऐवजी प्रतिज्ञा घेण्याची मुभा देणारा कायदा करून घेतला. १८८९ मध्ये धर्मनिंदेचे खटले बंद करण्याचे विधेयकही त्यांनी मांडले, ते मात्र फेटाळले गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनाला आले. हिंदुस्थानची बाजू ते इतक्या हिरीरीने मांडत की पार्लमेंटात त्यांना ‘हिंदुस्थानचे खासदार’ म्हणत. १८९१ मध्ये त्यांच्या अंत्यविधीला लंडनमधले हिंदी विद्यार्थी जमले होते. बॅरिस्टरीचा अभ्यास करणारे मोहनदास गांधी त्यांतलेच एक.

सूर ‘सभ्य’ असला तर

ब्रॅडलॉ यांच्यामागून अध्यक्ष झालेले जॉर्ज विल्यम फूट यांनी स्वतः या कायद्याची झळ सोसली होती. त्यांच्या ‘फ्रीथिंकर’ या पत्राच्या १८८२ च्या नाताळ अंकात बायबलावर व्यंगचित्रे आली आणि त्यांना वर्षभराचा तुरुंगवास झाला. त्यांच्यावरच्या दुसऱ्या खटल्यात मात्र लॉर्ड कोलरिज यांनी निराळी भूमिका घेतली. वादाची सभ्यता पाळली, तर धर्माच्या मूळ तत्त्वांवरही टीका करता येते, असे त्यांनी ज्यूरीला सांगितले. फूट यांनीच स्थापलेल्या एका कंपनीच्या नावे झालेल्या मृत्युपत्राच्या दाव्यात, १९१७ मध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यावर शिक्कामोर्तब केले.

हे पाऊल मोठे होते, पण पुरेसे नव्हते. सभ्यता ठरवणार कोण? विद्वानाचा जाड ग्रंथ सुटला आणि रस्त्यावर पत्रके विकणारा अडकला. जॉन विल्यम गॉट यांना १९२१ मध्ये अशाच पत्रकांपायी नऊ महिने सक्तमजुरी झाली. प्रकृती खालावलेले गॉट सुटकेनंतर थोड्याच काळात वारले. त्यांच्यानंतर ब्रिटनमध्ये धर्मनिंदेसाठी कुणी तुरुंगात गेले नाही; कायदा मात्र पुस्तकात राहिला. १९७७ मध्ये ‘गे न्यूज’ नियतकालिकाला एका कवितेबद्दल शिक्षा झाली, आणि १९७९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले की दुखावण्याचा हेतू सिद्ध करण्याची गरजच नाही.

एका मताने

१९८९ मध्ये सलमान रश्दींच्या ‘सेटॅनिक व्हर्सेस’वरून वादळ उठले. मुस्लिम तक्रारदार न्यायालयात गेले, तेव्हा हा कायदा केवळ ख्रिस्ती धर्माचे रक्षण करतो, असे उत्तर त्यांना मिळाले. त्यांची तक्रार खोटी नव्हती. वांशिक द्वेषाविरुद्धच्या कायद्याने ज्यू आणि शीख यांना संरक्षण होते, मुसलमानांना नव्हते. आणि अतिउजवे गट या फटीचा फायदा घेत होते. पण त्यावरचा उपाय म्हणून सरकारने २००५ मध्ये जे विधेयक आणले, त्यात ‘अपमानास्पद’ शब्दही गुन्हा ठरणार होता. हेतू नसला, तरी द्वेष भडकण्याची शक्यता पुरे होती. शिक्षा सात वर्षांपर्यंत.

सोसायटीने याला ठाम विरोध केला. ‘इंग्लिश पेन’ या लेखकांच्या संघटनेतले साहित्यिक पुढे आले. आपण ज्यांना ‘मिस्टर बीन’ म्हणून ओळखतो ते रोवन अ‍ॅटकिन्सन पुढे आले, आणि अनेक ख्रिस्ती संघटनाही. हाउस ऑफ लॉर्ड्सने लॉर्ड लेस्टर यांच्या पुढाकाराने विधेयक बदलले : शब्द धमकीचे हवेत आणि द्वेष भडकवण्याचा हेतू सिद्ध व्हायला हवा. धर्मावरची टीका, नावड, थट्टा, अगदी अपमानही मोकळा राहील, असे कलम त्यात घातले गेले. ३१ जानेवारी २००६ रोजी कॉमन्समध्ये सरकार हरले. दुसरे मतदान २८३ विरुद्ध २८२ असे झाले. पंतप्रधान ब्लेअर त्या मतदानाला हजर नव्हते.

पुढची पावले भराभर पडली. २००८ मध्ये इंग्लंड-वेल्समधला धर्मनिंदेचा गुन्हा रद्द झाला. २०१३ मध्ये सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्यातल्या पाचव्या कलमातून ‘अपमानास्पद’ हा शब्द गेला. या मोहिमेत सोसायटी आणि कडवी ख्रिस्ती संघटना ख्रिश्चन इन्स्टिट्यूट एकाच बाजूला होत्या, कारण त्या कलमाखाली रस्त्यावरचे धर्मोपदेशकही पकडले जात. ज्याचे म्हणणे आपल्याला पटत नाही त्याच्या तोंडावरचा हात काढायला धावून जाणे, यातच या संस्थेची खरी ताकद दिसते.

आपल्याकडे

ब्रिटिश राजवटीत १९२७ मध्ये आलेले, धार्मिक भावना दुखावण्याविरुद्धचे २९५-अ कलम आज भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने कायम आहे. त्यात ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ अशी अट आहे. पण तक्रार दाखल होताच लेखकाची फरफट सुरू होते आणि हेतूचा विचार फार उशिरा होतो. शिवचरित्रावरच्या जेम्स लेन यांच्या पुस्तकावरून २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. गटागटांत वैर पसरवल्याच्या १५३-अ कलमाखालचा त्या प्रकरणातला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केला, तो हेतू हाच गुन्ह्याचा गाभा आहे असे सांगून.

तिकडे सोसायटीचे कामही संपलेले नाही. उत्तर आयर्लंडमध्ये धर्मनिंदेचा गुन्हा अजून आहे. २०२५ मध्ये लंडनला कुराण जाळणाऱ्या एका निदर्शकाला सुव्यवस्थेच्या कायद्याखाली दोषी धरले गेले, तेव्हा संस्थेने त्याच्या बचावाला मदत केली. ऑक्टोबरात क्राउन कोर्टाने त्याला दोषमुक्त केले. असे कृत्य अनेकांच्या काळजाला घरे पाडते, यात शंका नाही. तरीही श्रद्धावान माणसाला धमकीपासून वाचवणे हे कायद्याचे कर्तव्य आहे आणि श्रद्धेला प्रश्नांपासून वाचवणे हे त्याचे काम नव्हे. या दोहोंतली सीमा हेतू आणि धमकी यांच्याच कसोटीवर आखली पाहिजे. ती भावनांवर आखली, तर ज्याचा जमाव मोठा त्याच्याच भावना दुखावल्या म्हणून मोजल्या जातील, आणि अल्पसंख्याकाला कायद्याची सर्वाधिक गरज असेल तेव्हा तोच त्याच्यावर उलटेल.