‘डॉन’ या उपपदाचा माग

ग्रंथाचे मर्म कित्येकदा त्यातील मोठ्या प्रसंगांपेक्षा एखाद्या लहानशा शब्दात अधिक स्पष्ट दिसते. सर्व्हांटिस (१५४७–१६१६) या स्पॅनिश ग्रंथकाराच्या ‘डॉन किहोटे’ या कादंबरीतील ‘डॉन’ हे उपपद असेच आहे. कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्ये व दुसरा १६१५ मध्ये प्रसिद्ध झाला. या दोन्ही भागांतून त्या शब्दाचा माग काढण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

‘डॉन’ हा शब्द लॅटिन ‘दोमिनुस’, म्हणजे धनी, यापासून आला. पोर्तुगीज ‘दों’ हा त्याचा सख्खा भाऊ. पणजीजवळच्या दोनापावल या नावात त्याचेच स्त्रीरूप आपल्या नित्य परिचयाचे आहे. स्पेनमध्ये हे उपपद प्रथम राजे, सरदार व वरिष्ठ धर्माधिकारी यांचेच होते. परंतु सर्व्हांटिसच्या काळी अधिकार नसलेलेही ते सर्रास लावू लागले होते.

कथानायक हा ला मांचा प्रांतातील एक सामान्य हिदाल्गो, म्हणजे कनिष्ठ कुलीन. त्याला ‘डॉन’ म्हणवून घेण्याचा हक्क नाही. तरीही आठ दिवस विचार करून तो ते उपपद स्वतःच धारण करतो. पुढे धर्मशाळेवर त्याला कमरेस तलवार व टाचांस आर चढविणाऱ्या दोन स्त्रिया भेटतात. एक चांभाराची लेक, दुसरी दळण दळणाऱ्याची. दोघीही समाजाने ओवाळून टाकलेल्या. त्यांनाही तो ‘दोन्या’ हे उपपद बहाल करतो. येथे वाचक हसतो खरा. पण त्या दोघींना इतक्या आदराने दुसऱ्या कोणी संबोधिले असेल काय?

दुसऱ्या भागात गावची कुजबुज सेवक सांचो धन्याच्या कानी घालतो: चार द्राक्षवेली आणि दोन औतांची जमीन, एवढ्यावर याने ‘डॉन’ लाविले! सांचोची बायको तेरेसा तर स्पष्टच सांगते, की बाप्तिस्म्यात ठेविलेले साधे नावच मला पुरे. पुढे सांचो बारातारियाचा सुभेदार होतो, तेव्हा तेथील लेखात आपल्या नावामागे ‘डॉन’ पाहून तो ते नाकारतो. या मुलुखात दगडांहून ‘डॉन’च अधिक असावेत, आपला अंमल टिकला तर ते तणासारखे उपटून टाकू, असे तो म्हणतो.

अखेर मृत्युशय्येवर नायक शुद्धीवर येतो. आपण आता डॉन किहोटे नव्हे, तर सदाचरणामुळे ‘भला’ म्हणून ओळखला जाणारा अलोन्सो किहानो आहो, असे तो सांगतो.

आपल्याकडे ‘उपाधी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: मानाची पदवी, आणि स्वरूपास झाकणारे आवरण. ‘डॉन’ ही नायकाने स्वतः घेतलेली उपाधी. ‘भला’ हे त्याच्या वर्तनाने मिळालेले नाव. पहिली गळून पडली, दुसरे राहिले. हाच या लहानशा शब्दाचा प्रवास होय.