रजेच्या मुदतीतला प्रवास

या उन्हाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी पारशिवनीला भेटायला आला होता. पुण्यात नोकरी करतो. चहा होण्याआधीच त्याने टेबलावर मध्य अमेरिकेचा नकाशा पसरला. ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा, कोस्टारिका आणि पनामा असे सहा देश पाठीवर पिशवी टाकून, बसगाड्यांनी, जमिनीवरूनच पार करायचा त्याचा बेत होता. रजा मिळणार होती सोळा दिवसांची. बेत सांगून झाल्यावर त्याने विचारले, "सर, एवढ्या दिवसांत काही पाहणे होईल, की नुसत्या सरहद्दी ओलांडणे होईल?"

त्या क्षणी आम्हांला उत्तर सुचले नाही. तो गेल्यावर ध्यानात आले की हा प्रश्न पारशिवनीत विचारला जावा हे योग्यच होते. आमच्या गावापासून तासाभराच्या आत रामटेकची टेकडी आहे, आणि मोजक्या मुदतीत अनेक देश ओलांडण्याचा भारतीय साहित्यातला सर्वांत प्रसिद्ध बेत तिथेच रचला गेला, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही आहोत.

मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. मल्लिनाथाने रामगिरी चित्रकूटाला नेला होता, आणि सरगुजाकडील रामगढचा पक्ष घेणारे अभ्यासकही आहेत. मिराशींच्या बाजूने वाकाटकांचा इतिहास उभा राहतो. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता वाकाटक घराण्यात दिलेली होती. तिचा रिद्धपूर येथे सापडलेला ताम्रपट रामगिरिस्वामींच्या चरणांपासून दिलेला आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. तेथे 2015 नंतर झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेची मृण्मुद्रा मिळाली. म्हणजे पाचव्या शतकाच्या आरंभी इथून माळव्याकडे जाणारी वाट ही केवळ कविकल्पना नव्हती. ती एका राणीच्या सासर-माहेरामधली वाट होती. तिच्यावरून निरोप जात असणार, माणसे जात असणार आणि ती किती दिवसांत परततात याचा हिशेबही ठेवला जात असणार.

मेघदूत वर्गात शिकवताना आम्ही विरह शिकवतो, मंदाक्रांता शिकवतो, उपमा शिकवतो. त्यातले वेळेचे गणित मात्र बहुधा निसटते. यक्ष हा मुळात नोकर आहे. कामात कसूर केली म्हणून धन्याने त्याला वर्षभरासाठी दूर पाठवले आहे. आजच्या कार्यालयीन भाषेत बोलायचे तर तो निलंबित आहे. वर्षातले आठ महिने सरले आहेत आणि चार उरले आहेत. शेषशय्येवरून विष्णू उठेल तेव्हा शाप संपेल. म्हणजे त्याच्यापाशी वेळ आहे पण हलण्याची मुभा नाही, आणि ज्याला तो पाठवतो आहे त्या मेघाला हलण्याची मुभा आहे पण वेळ नाही. मोकळा वेळ एकाकडे आणि वाट दुसऱ्याकडे, ही विभागणी नोकरदार माणसाला निराळी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी गोष्ट ऋतूची. आषाढापासून आपल्याकडे चातुर्मास लागतो. संन्यासी एका ठिकाणी थांबतो, सैन्ये छावणी करतात, व्यापारी तांडे परततात. वाटा पुन्हा उघडायच्या त्या दसऱ्याला, सीमोल्लंघनानंतर. नागपूरकर भोसल्यांच्या मोहिमाही याच पंचांगाने चालत. जुन्या काळी प्रवासाला रजा नव्हती, ऋतू होता. मुदत घालायचा तो पाऊस. कालिदासाने नेमक्या त्याच दिवसांत आपला प्रवासी वाटेला लावला, जेव्हा बाकीचे सगळे घराकडे वळलेले असतात.

आता यक्षाने आखून दिलेली वाट पाहावी. माळाचे शेत, आम्रकूट, विंध्याच्या पायथ्याशी पसरलेली रेवा, दशार्ण देश, वेत्रवतीकाठची विदिशा, अवंती, दशपूर, कुरुक्षेत्र, कनखल आणि पुढे कैलास. प्रत्येक ठिकाणी काय पाहायचे, कुठे पाणी प्यायचे, कुठे किती थांबायचे हे सांगितलेले आहे. यक्षाला घाई आहे. तरीही फुललेल्या प्रत्येक डोंगरावर मेघ रेंगाळणार हे तो ओळखून आहे, आणि त्याबद्दल त्याची तक्रार नाही. विदिशेहून उत्तरेला निघालेल्या मेघाला तो उज्जयिनीकडे वळायला सांगतो आणि वाट वाकडी पडेल हे स्वतःच कबूल करतो. तरी तिथे जा म्हणतो, महाकालाची संध्याकाळची पूजा होईपर्यंत थांब म्हणतो, रात्र एखाद्या गच्चीवर काढ म्हणतो. आणि लगेच बजावतो की सूर्य उगवताच निघ, मित्राचे काम अंगावर घेतलेला माणूस रेंगाळत नाही. एक संध्याकाळ आणि एक रात्र, एवढीच उधळण. सगळी मुदत हातात धरून केलेली ही एक वाकडी वाट नसती, तर पूर्वमेघ हा मार्गदर्शक तक्ता झाला असता.

मुख्य कामापासून वळलेली वाटच पुढे साहित्यात उरते, याचे उदाहरण विद्यार्थ्याच्या नकाशावरही आहे. 1839 साली अमेरिकेचे अध्यक्ष व्हॅन ब्यूरेन यांनी जॉन लॉइड स्टीफन्स या वकिलाला मध्य अमेरिकेच्या संघराज्याकडे राजदूत म्हणून पाठवले. स्पेनपासून सुटलेल्या पाच प्रांतांचे ते संघराज्य तोवर मोडकळीला आले होते. मोराझान आणि कारेरा यांच्यात युद्ध पेटले होते. आपली अधिकारपत्रे कोणाच्या हाती द्यावीत हेच स्टीफन्सला कळेना. सरकार शोधत तो कोस्टारिकापर्यंत गेला आणि निकाराग्वामार्गे खेचरांवरून, चिखल आणि हिवताप सोसत परतला. सरकार सापडले नाही. राजधानीत पोचण्याआधी मात्र तो वाट सोडून होंडुरासमधल्या कोपान येथे गेला होता. जंगलात बुडालेले माया लोकांचे ते नगर त्याने पन्नास डॉलरांना विकत घेतले. सोबती फ्रेडरिक कॅदरवुड याला चित्रे काढायला मागे ठेवून तो कामगिरीवर पुढे निघाला. 1840 च्या जुलैअखेर तो न्यूयॉर्कला परतला आणि पुढच्या वर्षी त्याचा ग्रंथ आला. राजनैतिक कामगिरी म्हणून तो प्रवास फसला, पण माया संस्कृतीचा आधुनिक अभ्यास त्या ग्रंथाच्या पायावर उभा राहिला.

मराठीत याच्या शेजारी विष्णुभट गोडसे बसतात. घरावरचे कर्ज फेडायचे म्हणून वरसईचा हा भिक्षुक 1857 च्या आरंभी काका रामभटांबरोबर उत्तरेला निघाला. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल ही आशा होती. महूजवळ बंडाची वार्ता लागली. पायाखालचा मुलूख एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे जात असताना हे दोघे चालत होते. यज्ञ बाजूला राहिला आणि ते झाशीत अडकले. वेढा, कत्तल, लूट हे सारे त्यांनी पाहिले. मिळवलेले द्रव्य गेले. आईवडिलांसाठी गंगेची कावड तेवढी खांद्यावरून घरी आली. पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून, त्यांनी ते लिहून काढले. 1907 साली वैद्यांनी ते छापले ते आपल्या हाताने बदल करून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केली. घर सोडताना ठरवलेली एकही गोष्ट पार न पडलेल्या या प्रवासाने मराठीला 'माझा प्रवास' दिला.

स्टीफन्सला रजा नव्हती, कामगिरी होती. गोडसे भटजींनाही रजा नव्हती, कर्ज होते. पगार चालू असताना काम न करता हिंडता यावे ही कल्पना सर्वसामान्यांपर्यंत पोचली विसाव्या शतकात. 1936 साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने पगारी सुटीचा करार केला. त्यात वर्षभराच्या नोकरीनंतर किमान सहा कामाचे दिवस सुटी सांगितली होती. आपल्याकडे 1948 च्या कारखाने अधिनियमाने कामाच्या वीस दिवसांमागे एक दिवस रजा दिली. केंद्र सरकारी नोकरांना 1956 पासून रजा प्रवास सवलत मिळू लागली. आम्हां शिक्षकांच्या घरांत 'महाराष्ट्र दर्शन' हे दोन शब्द ओळखीचे आहेत ते राज्याच्या अशाच सवलतीमुळे. या दिवसांना कोणी क्षुद्र म्हणू नये. माणसे त्यांच्यासाठी लढली आहेत. पण त्यांनी प्रवासाचा स्वभाव बदलला हेही खरे. यात्रेकरू परतेल तेव्हा परतत असे. रजेवरचा माणूस निघण्यापूर्वीच परतीची तारीख लिहून ठेवतो.

एका दिवाळीच्या सुटीत आम्ही हा प्रयोग स्वतःवर करून पाहिला होता. हातात आठ दिवस होते. रामटेकच्या गडावरून निघायचे आणि मेघाच्या वाटेने बसने जमेल तितके उत्तरेला जायचे. शिवनी, लखनादौन, बरमानच्या घाटावर नर्मदा, सागर आणि मग विदिशा. पहिले तीन दिवस आम्ही वेळापत्रकाचे गुलाम होतो. बरमानला नर्मदा पाहिली ती घड्याळाकडे बघत. विदिशेला पुढची बस चुकली आणि एक दिवस फुकट गेला असे वाटले. करायला काही नव्हते म्हणून बेसनगरच्या गरुडस्तंभापाशी गेलो. तक्षशिलेच्या ग्रीक राजा अंतलिकिताचा दूत हेलिओडोरस इथे आला होता आणि वासुदेवाच्या नावाने त्याने हा स्तंभ उभारला, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस. त्यालाही कोणी सुटी दिली नव्हती. जवळच्या उदयगिरीच्या लेण्यांत पाटलिपुत्राचा वीरसेन हा मंत्री आपल्या राजाबरोबर आल्याचा लेख आहे. तो राजा म्हणजे प्रभावतीगुप्तेचा पिता. रामटेकच्या राणीचे माहेर आम्हांला असे त्या चुकलेल्या बसमुळे भेटले. पुढचे दिवस कमी पडले आणि उज्जयिनी राहून गेली. ती चुटपुट अजून आहे. पण त्या आठ दिवसांतले आज तपशिलाने आठवते ते विदिशाच.

मेघदूत हे प्रवासवर्णन नव्हे, तो प्रवासाचा बेत आहे, हे आम्हांला तेव्हा कळले. मेघ निघाला की नाही, पोचला की नाही, काव्य सांगत नाही. कुबेराने शाप मागे घेतल्याचा श्लोक काही प्रतींत आढळतो, पण तो प्रक्षिप्त मानतात. बेत पुरा झाल्याचे कोणा वाचकाला बघवले नसते तरच नवल. कालिदासाने मात्र तो बेतच ठेवला.

विद्यार्थ्याला आम्ही पत्र लिहिले ते असे. ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चार देशांनी 2006 मध्ये आपसांतल्या प्रवासासाठी करार केला. परदेशी पाहुण्याला चौघांत मिळून नव्वद दिवस राहता येते. नव्वद दिवसांची मुभा ज्याला मिळू शकते त्याच्यापाशी सोळाच दिवस आहेत, ही तुझी अडचण सरहद्दीची नाही. तेव्हा सहा देशांचा हट्ट सोड. अमेरिकेत शाळेची मुले वाहून जुन्या झालेल्या आणि तिकडे रंगवून रस्त्यावर आणलेल्या बसगाड्यांत बस, दोन देश पुरे कर, आणि एक दिवस असा राख की ज्याच्यापुढे वहीत काहीच लिहिलेले नसेल. तो दिवस कुठे खर्चायचा हे मात्र तिथे गेल्यावरच ठरव.

त्याचे उत्तर आले. त्याने तीन देश ठेवले आहेत, आणि कोपान त्यांत आहे. परतीची तारीख तीच आहे. आम्हीही या दिवाळीच्या सुटीतले चार दिवस उज्जयिनीसाठी बाजूला काढले आहेत.