तवांगमध्ये भारतीय प्रशासन नेणारे मेजर खाथिंग

अरुणाचल प्रदेशातील तवांगवर चीन दावा सांगतो, तेव्हा १९१४च्या मॅकमहोन रेषेचा उल्लेख हमखास होतो. १९५१च्या हिवाळ्यातील एका मोहिमेचा मात्र क्वचितच. नकाशावर रेषा आखली गेल्यानंतरही सुमारे ३७ वर्षे तवांगमध्ये करवसुली करीत होते ते तिबेटी अधिकारी. ही स्थिती संपुष्टात आणली मेजर रालेंगनाओ ऊर्फ बॉब खाथिंग यांनी.

खाथिंग यांचा जन्म १९१२ साली मणिपूरमधील उख्रुल भागात, तांगखुल नागा समाजात झाला. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजांच्या पिछाडीवर टेहळणी करणाऱ्या 'व्ही फोर्स'मधील कामगिरीबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. युद्धानंतर ते मणिपूर संस्थानात मंत्री झाले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि मंत्रिपदही गेले. पुढे आसाम रायफल्समार्गे ते सीमाभागाच्या प्रशासनात आले.

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य तिबेटमध्ये शिरले आणि कागदावरची सीमा अपुरी ठरू लागली. आसामचे राज्यपाल जयरामदास दौलतराम यांनी खाथिंग यांच्यावर तवांगची जबाबदारी सोपविली. जानेवारी १९५१ मध्ये आसाम रायफल्सचे सुमारे २०० जवान घेऊन ते निघाले. तेरा हजार फुटांहून उंच सेला खिंड भर हिवाळ्यात ओलांडून फेब्रुवारीत त्यांनी तवांग गाठले. सशस्त्र संचलन झाले खरे, पण गोळी एकही झाडली गेली नाही. खाथिंग यांचा भर गावकऱ्यांशी आणि मठाशी बोलण्यावर होता. तिबेटी अधिकाऱ्यांना यापुढे कर द्यायचा नाही, हे मोन्पा गावकऱ्यांना सांगण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या तो भार सोसणाऱ्यांना नव्या राजवटीची याहून स्पष्ट ओळख कोणती? ल्हासाने निषेध नोंदविला, बीजिंगने त्या वेळी मौन पाळले. १९६२च्या युद्धात चीनने तवांग घेतले. युद्धविरामानंतर चिनी सैन्य मागे गेले आणि भारतीय प्रशासन परतले.

खाथिंग यांना १९५७ मध्ये 'पद्मश्री' मिळाली. पुढे ते नागालँडचे मुख्य सचिव झाले. नागा बंडखोरी धुमसत असताना नागा अधिकाऱ्याने दिल्लीच्या वतीने कारभार पाहणे सोपे नव्हते. १९७०च्या दशकात ते ब्रह्मदेशात भारताचे राजदूत होते. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. तवांगमध्ये त्यांचे स्मारक उभे राहिले ते २०२१ मध्ये, त्या मोहिमेनंतर ७० वर्षांनी.